भिंतीपलीकडचा दवाखाना

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधणं. उजाडायला आलं होतं. ओसरीत पोत्यावर मेथीचा ढीग पडला होता, दवानं ओला. ढिगाच्या एका अंगाला ती, एका अंगाला मी. हातात केळीच्या सोपाच्या, म्हणजे सालीच्या, दोऱ्या. हे काम आमच्याकडे मुक्यानं कधी झालं नाही. ती बोलायची, मी ऐकायचो, आणि त्यात माझा पाणउतारा जास्त असायचा.

"अवो, हे जुडी आहे का कडब्याची पेंढी?" ती म्हणाली. "बाईले इकता का म्हशीले टाकता?"

"बाई खूश होईन ना."

"बाई खूश होते अन् टोपलं रिकामं होते. मंग तुमीच म्हनता, भाजी पुरली नाही."

"तुही जुडी तं उदबत्तीचा पुडा वाटते," मी म्हणालो.

ती हसली. समोरचे दात पडले होते, तरी तोंडावर पदर घ्यायची नाही. मोकळी हसायची.

जुड्या टोपल्यात रचल्या. खाली मेथी, मधात पालक, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. टोपलं मी तिच्या डोक्यावर ठेवून दिलं आणि ती भिंतीकडे गेली.

ही भिंत कोणती ते आधी सांगतो. आमचं वावर अमरावतीच्या कडेला होतं. आता कडेला म्हणता येत नाही, कडा पुढे सरकून गेली. चारही बाजूंनी ले-आउट पडले आणि मधात आमचा भाजीचा तुकडा आणि घर तेवढं राहिलं. घरासमोरून आमच्या ले-आउटचा रस्ता जातो. चांगला रुंद, डांबरी. तो उत्तरेला जातो आणि भिंतीला धडकून थांबतो. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या ले-आउटचा रस्ता आहे, तोही तेवढाच रुंद, तोही डांबरी, अगदी ह्याच रेषेत. तोही भिंतीला येऊन थांबतो. मधात भिंत नसती तर नवखा माणूस म्हणाला असता, एकच रस्ता आहे. भिंत माझ्या डोक्याएवढी. वर काचा लावलेल्या.

त्या पलीकडच्या रस्त्यावर हृदयाचा दवाखाना आहे. चांदूर बाजारहून, नांदगाव खंडेश्वरहून लोक जीप करून तिथं येतात. आमच्या ओसरीतून त्याची पाटी दिसते. हाक मारली तर दारावरचा माणूस मान वळवून पाहील एवढं अंतर. पण आम्हाला तिथं जायचं तर दक्षिणेला मोठ्या रस्त्यावर जावं लागतं, तिथून उड्डाणपूल, पुलावरून दुसरा मोठा रस्ता, आणि मग तेवढंच उलटं मागं यावं लागतं. आम्ही कधी गेलो नव्हतो. काम पडलं नव्हतं.

काम तिचं भिंतीशी होतं. पलीकडच्या बाया भिंतीपाशी येत. तिनं अलीकडे एक सपाट दगड ओढून आणून ठेवला होता, त्यावर चढून ती टोपलं भिंतीवर टेकवायची. काचांनी टोपलं फाटायचं म्हणून पलीकडच्या एका बाईनं हातोडीनं तेवढ्या जागेवरच्या काचा फोडून काढल्या होत्या आणि वर पोतं घडी करून टाकलं होतं. ही बाई शाळेत शिकवते. चष्मा लावते. आम्ही दोघंही तिला मॅडमच म्हणायचो. आमच्या बाजूनं भाजी जायची, त्यांच्या बाजूनं कधी पुरणपोळी यायची, कधी जुनी स्वेटरं. माणसं तेवढी जात नव्हती.

त्या दिवशी ती लवकर परत आली. टोपल्यात भाजी होती. ओसरीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "पानी द्या."

थंडीचे दिवस होते, माझ्या अंगावर घोंगडी होती आणि तिच्या कपाळावर घाम.

"काय झालं वं?"

"जबडा ओढून राहिला. अन् हा हात."

"वाताचं असन. ओवा खाय."

"ओव्याचं नाही हे," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या मले."

सगळ्या जन्मात हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. पोरगी झाली तेव्हाही ती म्हणाली नव्हती.

आमच्या शेजारी एक ऑटोवाला भाड्यानं राहतो. तोंड धूत होता. तसाच ओल्या तोंडानं आला, तिच्याकडे पाहिलं आणि ऑटो सुरू केला. मी म्हणालो, दवाखान्याच्या मोठ्या गाडीला फोन करावा का. तो म्हणाला, "काका, ते येईन, पत्ता इचारीन, चुकीन. मी पोचवतो. बसा."

आम्ही तिला उचलून बसवलं. मी तिच्या पाठीमागे हात घातला. ऑटो दक्षिणेला निघाला आणि मोठा रस्ता दिसायला लागला तिथंच थांबला. समोर मोठं खोदकाम. गटाराची लाईन टाकत होते. काल संध्याकाळपर्यंत रस्ता होता. आता पुरुषभर खोल चर, इकडच्या कंपाउंडपासून तिकडच्या कंपाउंडपर्यंत, आणि पलीकडे मातीचा ढीग.

ऑटोवाला ओरडला, "अरे, पेशंट आहे!"

खोदायच्या मशीनवाल्यानं हात हलवला. "दुपारपर्यंत बुजवतो. दुसरीकडून जा."

दुसरीकडून. सोपं वाटतं ऐकायला. आमच्या ले-आउटला मोठ्या रस्त्यावर निघायचं तोंड एकच आहे. बाकीच्या गल्ल्या शेजारच्या ले-आउटमध्ये शिरतात, तिथून कुठं निघता आलं तर निघायचं. ऑटोवाल्यानं ऑटो फिरवला आणि पहिल्या गल्लीत घातला. फोन समोर लावलेला होता. त्यातली बाई बोलत होती, पुढे जाऊन उजवीकडे वळा. आम्ही पुढे गेलो. उजवीकडे एका नव्या घराची भिंत होती आणि भिंतीवर स्वस्तिक काढलं होतं.

"हे बाई पागल आहे," ऑटोवाला म्हणाला आणि ऑटो मागं घेतला.

माझ्या तोंडून निघालं, "पांदणीनं घे."

"कोणती पांदण, काका?"

पांदण म्हणजे वावरांमधून जाणारी बैलबंडीची वाट. मी जन्मलो तेव्हापासून ती आमच्या वावरापासून निघून थेट पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर जायची. दोन्ही बाजूंनी बोरी, बाभळी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, पण अडली कधी नाही. माझ्या डोक्यात ती अजून होती. जमिनीवर नव्हती. कुठं गेली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या लोकांनी वावरं विकली तेव्हा प्रत्येकानं पांदणीच्या मधापर्यंत विकलं. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेला, निम्मी ह्याची, निम्मी त्याची, असंच आम्ही समजत आलो. हा म्हणाला, तो आपला हिस्सा सोडीन वाटेसाठी. तो म्हणाला, हा सोडीन. कोणीही सोडला नाही आणि कोणाला वाटलंही नाही की कोणी विकेल. वाट विकते का कोणी? सगळ्यांनी मिळून विकली. आणि ज्यानं घेतलं त्यानं आपल्या वावरापुरतेच रस्ते काढले, आपल्या धुऱ्यापर्यंत. पुढच्या वावरात दुसऱ्यानं त्याच्या मनानं काढले. आमचं शहर असं वावरा-वावरानं वाढलं. म्हणून इथले रस्ते एकमेकांची तोंडं पाहत नाहीत.

हे मी आता लिहून राहिलो. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या खांद्यावर तिचं डोकं जड होत आहे.

दुसरी गल्ली नाल्यावर थांबली. नाल्याच्या पलीकडे रस्ता पुढं चालू. खांब तसेच, दिवे तसेच, रस्त्यावर एक माणूस कुत्रं फिरवत होता. मधात पूल नाही. त्या माणसानं आमच्याकडे पाहिलं आणि हातानंच खूण केली, इकडून नाही.

"आमच्या जुन्या शहरात असं नसते," ती म्हणाली. आवाज बारीक होता.

ती अकोल्याची. जुन्या शहरातली, मोर्णा नदीच्या पलीकडली. तिच्या बापाकडे फुलांचं काम. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी सासुरवाडीला गेलो तर ती मला त्या गल्ल्यांतून घेऊन गेली होती. बोळ एवढा अरुंद की समोरून गाय आली तर माणसानं ओट्यावर चढावं. मी घाबरलो, म्हणालो, हे बंद आहे. ती म्हणाली, वळा तं खरं. वळलं की पुढं वाट. पुन्हा बंद दिसायचं, पुन्हा वळलं की वाट. शेवटी नदीवर निघालो. तेव्हापासून कुठलाही नवा ले-आउट पाहिला की ती मला टोमणा मारायची, "एवढे रुंद रस्ते करून ठेवले अन् जायाले जागा नाही."

"बोलू नको," मी म्हणालो.

"बोलली नाही तं तुमी समजसान मेली," ती म्हणाली.

ऑटोवाला मागं वळून पाहत नव्हता, पण त्याची मान ताठ झालेली मला दिसत होती.

तिसऱ्या ठिकाणी गेट होतं. लोखंडी, काळं, वर भाल्याची टोकं. गेटच्या आरपार मोठा रस्ता दिसत होता. गाड्या जात होत्या. गेटला साखळी आणि कुलूप. खुर्चीवर चौकीदार बसला होता, शाल गुंडाळून.

"गेट खोल!"

"इथून बाहेरच्या गाड्या नाही जात, भाऊ."

"अबे, पेशंट आहे मधात, दिसून नाही राहिलं का?"

चौकीदार उठला. त्यानं आत पाहिलं, तिचा चेहरा पाहिला, आणि त्याचाही चेहरा पडला. म्हणाला, "चाबी अध्यक्षसाहेबाकडे राहते. ते फिराले गेले."

"कुठी फिराले?"

"कॅम्पातल्या मैदानावर. कारनं गेले."

ऑटोवाल्यानं खाली उतरून कुलूप हातात धरून ओढलं. दगड उचलला. चौकीदार मधात आला. "भाऊ, माही नोकरी जाईन." दोघांची झटापट व्हायला लागली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ऑटोवाला त्याला म्हणाला, "माणूस मरून राहिला अन् तू नोकरी सांगतं?"

"मरून नाही राहिली मी," मागून ती म्हणाली. "दम लागला. भांडू नोका."

मग तिनं माझा हात धरला. तिचा हात थंडगार आणि ओला होता, मेथीच्या जुडीसारखा.

"परत घ्या," ती म्हणाली. "भिंतीकडे चला."

"भिंतीकडे काय आहे?"

"मॅडम आहे. तिले आवाज द्या. भाजी जाते तं मी नाही जाणार काय?"

हे मला सुचलं नव्हतं. ऑटोवाल्यालाही सुचलं नव्हतं. आम्ही चाकाची वाट शोधत होतो.

आम्ही परत फिरलो. घराजवळ आल्यावर मी ओसरीतली खाट काढली. सुतळीची, हलकी. शेजारची तीनचार माणसं बाहेर आली. तिला खाटेवर निजवलं आणि खाट भिंतीपाशी नेली. मी तिच्या त्या दगडावर चढलो आणि भिंतीवरून तोंड काढून हाक मारली. मॅडम, मॅडम. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

मॅडम भाजीच आवरत होती वाटतं. हातात मेथी घेऊन बाहेर आली. मला पाहून हसली, मग हसू गेलं.

"आजोबा, काय झालं?"

"बुढीले दवाखान्यात न्याचं. रस्ता नाही. इथून घ्या."

मागं वळून तिनं अशी हाक दिली की सगळ्या गल्लीची दारं उघडली. तिचा नवरा आला, समोरच्या घरातले दोन जण आले, एक बाई आंघोळीचे केस तसेच टॉवेलात बांधून आली. पलीकडे भिंतीला लागून कुंड्या होत्या, त्या कोणी लाथेनं सरकवल्या, कोणी वरच चढलं. ऑटोवाल्यानं बाकीच्या काचांवर आमची गोणपाटं, माझी घोंगडी, जे हाती लागलं ते टाकलं.

आम्ही खाट उचलली. खांद्यापर्यंत आली. मग डोक्यावर. म्हाताऱ्या हातांना डोक्यावरची खाट पेलत नाही. पायाकडची बाजू माझ्याकडे होती, ती खाली जायला लागली. ऑटोवाला मधात घुसला आणि त्यानं पाठीवर घेतली. ती खाटेवर आडवी होती, एका हातानं खाटेची पाटी धरलेली, एका हातानं डोक्यावरचा पदर.

"पदर धरा माहा," ती म्हणाली.

पदर खाटेखाली लोंबत होता. मी तो धरून वर टाकला.

खाट भिंतीवर टेकली. मधातच. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पलीकडचे हात आले, गोरे, काळे, बांगड्यांचे, घड्याळाचे. त्यांनी ओढली, आम्ही लोटली. काचेवर कुठंतरी घोंगडी फाटल्याचा आवाज आला. मग आमच्या हातावरचं वजन एकदम गेलं.

"घेतलं! घेतलं!" पलीकडून आवाज आला. "सांभाळून. पळा आता."

पळणारे पाय ऐकू आले. मी दगडावर चढून पाहिलं. खाट रस्त्यावरून चालली होती, मॅडम बाजूनं पळत होती, चष्मा हातात. दवाखान्याच्या दारावरचा माणूस त्यांच्याकडे धावत आला. ती गेली आणि मी इकडेच राहिलो.

ऑटोवाल्यानं मला कमरेला धरून वर लोटलं. मी भिंतीवर बसलो, तंगडी पलीकडे टाकली, हाताला काच लागली. पलीकडच्या माणसानं उतरवून घेतलं. मी पळालो. म्हातारपणी पळतात तसा पळालो.

दवाखान्यात मला बाकावर बसवलं. आतल्या दाराला गोल काच होती, त्यातून पाठी दिसत होत्या, हिरव्या कपड्यातल्या. मॅडम माझ्याजवळ बसली होती. तिच्या हातात अजून दोनचार मेथीच्या काड्या होत्या. तिला कळतही नव्हतं. माझा कापलेला हात तिनं आपल्या ओढणीच्या पट्टीनं बांधला.

डॉक्टर बाहेर आली. तरुण बाई. माझ्यासमोर खाली वाकून बसली. तिनं सांगायच्या आधीच मला कळलं, कारण कोणतीही घाई नव्हती तिला.

मग लिहून घ्यायला माणूस आला. नाव विचारलं, वय विचारलं. कुठं राहता म्हणाला. मी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीतून आमचं लिंबाचं झाड दिसत होतं आणि खाली ओसरीचा पत्रा.

"ते?" डॉक्टर म्हणाली.

"हो."

ती खिडकीजवळ गेली. "एवढ्या जवळ," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

बुढीला भिंतीवरून परत आणलं नाही. मॅडमचा नवरा म्हणाला, भिंतीवरूनच नेऊ या, लवकर होईल. मी नाही म्हणालो. जिवंत होती तेव्हा घाई होती. आता कशाची घाई? दवाखान्याच्या गाडीतून आणली, उड्डाणपुलावरून, सगळा लांबचा फेरा करून. दुपार झाली होती तेव्हा. मशीनवाल्यानं चर बुजवला होता. गाडी पाहून त्यानं मशीन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

पोरगी अकोल्याहून आली. जुन्या शहरातच दिली आहे तिला, आईच्या माहेराजवळ. सायंकाळच्या आत सगळं झालं. माणसं आली तशी गेली. पलीकडच्या बाया भिंतीजवळ पायाखाली काहीबाही घेऊन उभ्या होत्या, भिंतीवरून नुसती डोकी दिसत होती, एका रांगेत. त्यांना इकडे यायचं होतं. मॅडम तेवढी स्कूटरवर फेरा घालून आली आणि पोरीला घट्ट धरून बसली.

त्यांच्या कॉलनीचा सेक्रेटरीही आला होता. पांढरा शर्ट, हात जोडलेले. बसला. म्हणाला, "काका, फार वाईट झालं."

मी म्हणालो, "वाईट झालं ते झालं. भिंत काढा."

तो इकडेतिकडे पाहायला लागला. "काका, आजच्या दिवशी हा विषय..."

"मंग कोणत्या दिवशी?"

"बघा, भिंत सुरक्षेसाठी आहे. इकडून बाहेरची माणसं येतात, चोऱ्या होतात. सभेत ठराव घ्यावा लागेल. काही लोकांचा विरोध असतो. मग महानगरपालिकेकडे अर्ज..."

"आज सकाळी बाहेरचं माणूस आलं तुमच्याकडे," मी म्हणालो. "काय चोरलं तिनं?"

पोरगी म्हणाली, "बाबा, राहू द्या."

सेक्रेटरी हात जोडून उठला. बिचारा वाईट माणूस नाही. पुढच्या सभेत विषय ठेवतो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

रात्री पोरगी माझ्याजवळ निजली. झोप लागली की नाही सांगता येत नाही. दवाखान्याच्या पाटीचा हिरवा उजेड ओसरीत पडत होता. एकदा वाटलं, ती उठून बसली आहे आणि जुड्या बांधत आहे. वळून पाहिलं तर पोरगी होती, गुडघ्यात तोंड घालून.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी गोठ्यातून सब्बल, म्हणजे पहार, काढली आणि फावडं घेतलं.

पोरगी मागं आली. "बाबा, सुतक आहे. औजार धरत नाही सुतकात."

"वावरात धरत नाही," मी म्हणालो. "हे वावर नाही."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. तू च्या ठेव."

भिंतीजवळ गेलो. दगडावर चढून आधी वरचं पोतं काढलं, घडी केली, बाजूला ठेवलं. मग वरच्या थरात सब्बल घातली. सिमेंट जुनं नव्हतं, पण काम हलकं झालेलं. पहिली वीट हलली, दुसरी पडली. आवाजानं पलीकडे दार उघडलं. मॅडम आली.

"आजोबा, थांबा जरा," ती म्हणाली. "कुंड्या सरकवते."

तिनं एकेक कुंडी उचलून बाजूला नेली. तुळशीची, जास्वंदीची, काल लाथेनं फुटलेल्या एका गुलाबाची. तिचा नवरा आला आणि पडलेल्या विटा उचलून एका कडेला रचायला लागला. इकडून ऑटोवाला आला, त्यानं माझ्या हातातली सब्बल मागितली. मी दिली नाही. तो फावड्यानं चुरा ओढायला लागला.

कंबरेएवढी भिंत राहिली तेव्हा सेक्रेटरी धावत आला. पायात चपला उलट्या. "काका! काका, हे काय करता? असं करता येत नाही. हे बेकायदेशीर आहे."

मी वीट काढली.

"काका, मला नाइलाजानं पोलिसांना फोन करावा लागेल."

"कर," मी म्हणालो.

त्यानं फोन काढला. हातात धरून उभा राहिला.

"कर ना बाप्पा. त्यायची गाडी येईन तं उड्डाणपुलावरूनच येईन, फेरा घेऊन. तोवर होते माहं."

मॅडमच्या नवऱ्याला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं. सेक्रेटरी मात्र हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता, मग माझ्या हातावरच्या ओढणीच्या पट्टीकडे, मग उघड्या झालेल्या भागातून आमच्या घराकडे, जिथं पोरगी दारात चहाची पातेली घेऊन उभी होती.

"कुठपर्यंत तोडणार?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"ऑटो जाईन एवढी," मी म्हणालो, आणि पुढच्या विटेखाली सब्बल घातली.